पाच ठिकाणांच्या नेटवर्कला ओएसपीएफ हवं की हाताने लिहिलेले राउटच बरे?

घाटवाट:
एका पतपेढीचं नेटवर्क मी सांभाळतो. मुख्य कार्यालय आणि चार शाखा, सगळ्या सह्याद्रीच्या पायथ्याशी. प्रत्येक ठिकाणी राउटर म्हणून ओपनबीएसडी या युनिक्ससारख्या प्रणालीचं एक छोटं मशीन. शाखेतून मुख्य कार्यालयाकडे दोन वाटा: टेकडीवरून येणारा रेडिओ, आणि तो पडला तर ब्रॉडबँडवरचा जीआरई टनेल, म्हणजे इंटरनेटमधून काढलेली आभासी लिंक. राउट, म्हणजे कुठलं पाकीट कोणत्या वाटेने पाठवायचं याच्या नोंदी, सगळे हाताने लिहिलेले.

गेल्या जुलैत टेकडीपलीकडच्या रेडिओची वीज गेली. आमच्या छतावरचा रेडिओ मात्र चालू होता, केबलचा दिवा हिरवा, त्यामुळे कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) लेखी लिंक ठणठणीत. राउट जागचा हलला नाही. शेजारी टनेल मोकळा पडून होता आणि पासबुकं हातात घेऊन माणसं अकरापासून दीडपर्यंत रांगेत उभी होती. पेन्शन काढायला आलेली म्हातारी माणसंही त्यात होती. त्यांना काय सांगायचं तेच मला सुचेना.

त्यानंतर मी ओएसपीएफडी लावला. ओएसपीएफ म्हणजे राउटरांनी आपसात बोलून वाटा आपोआप ठरवायची पद्धत, आणि ओएसपीएफडी हा ती चालवणारा डेमन, म्हणजे पार्श्वभूमीला चालणारा प्रोग्रॅम. हा डेमन ओपनबीएसडीत २००५ पासून मूळ प्रणालीबरोबरच येतो. फाइल जेमतेम पंधरा ओळींची: राउटर-आयडी, एकच एरिया, रेडिओला मेट्रिक (वाटेची किंमत, कमी असेल ती वाट आधी) १०, टनेलला १००, शाखेच्या लॅनचा इंटरफेस पॅसिव्ह (तिथे शेजारी शोधायचा नाही), दोन्ही वाटांवर ओळख पटवायला एमडी५ची किल्ली. किल्ली फाइलीतच असल्यामुळे परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवायची. ‘ओएसपीएफडी -एन’ देऊन फाइल तपासायची आणि मगच सुरू करायचं. दर १० सेकंदांनी शेजाऱ्याला, म्हणजे लिंकच्या पलीकडच्या राउटरला, हॅलो जातो. ४० सेकंद पलीकडून काही ऐकू आलं नाही की शेजारी मेला असं धरून डेमन वाट बदलतो. दिवा हिरवा की लाल, याच्याशी त्याचा संबंध नाही.

माझं मत स्पष्ट आहे. वाटा दोन असतील तिथे राउटिंग डेमन हवाच, ठिकाणं पाच असोत की पन्नास.

जुनाखांब:
मला हे पटत नाही. तुमचा प्रश्न ‘पलीकडचा जिवंत आहे का’ एवढाच होता. त्यासाठी ओपनबीएसडीतच लिंकची स्थिती पाहून ठरलेली आज्ञा चालवणारा इफस्टेटेड आहे. दहा सेकंदांनी पलीकडच्या राउटरला पिंग, उत्तर नाही तर राउट बदल, आलं की परत. माझ्याकडे तीन शाखा नऊ वर्षं अशाच चालल्या आहेत.

तुम्ही गावाला गेलात आणि नेटवर्क पडलं, तर शाखेतला मुलगा माझी वीस ओळींची फाइल वाचू शकतो. एलएसए, डीआर, एक्सस्टार्ट हे ओएसपीएफचे शब्द त्याला कोण समजावणार? आपण गेल्यावर मागे जो उरतो त्याला झेपेल तेवढंच लावावं.

घाटवाट:
मागे उरणाऱ्या माणसाचा मुद्दा मला मान्य आहे, आणि म्हणूनच पाच ठिकाणी पाच स्क्रिप्टा मला नको वाटतात. शाखेच्या स्क्रिप्टने वाट बदलली आणि मुख्य कार्यालयाच्या स्क्रिप्टने नाही, तर पाकीट टनेलने जातं आणि उत्तर मेलेल्या रेडिओकडे निघतं. ओएसपीएफमध्ये शेजारी तुटल्याचं दोन्ही टोकांना आपापलं कळतं.

लावताना चूक माझीही झाली. रविवारी चाचणी म्हणून पलीकडच्या रेडिओची वीज मुद्दाम काढली. चाळीस सेकंदांत शेजारी यादीतून गेला, डेमनची स्थिती दाखवणाऱ्या ओएसपीएफसीटीएलमध्ये टनेलचा राउट दिसला, पण पिंग मेलेलाच. अर्धा तास डोकं धरून बसलो. मग ‘राउट -एन शो’मधला प्रायोचा रकाना पाहिला: ८. ओपनबीएसडीत हाताने लिहिलेल्या राउटला प्राधान्य ८, ओएसपीएफच्या राउटला ३२, आणि लहान आकडा जिंकतो. रेडिओच्या इंटरफेसच्या हॉस्टनेम फाइलीत जुनी ‘राउट ॲड’ची ओळ तशीच राहिली होती. ती काढली आणि सगळं सुरळीत झालं. डेमन काय म्हणतो ते पुरेसं नाही, कर्नलचं टेबल बघायचंच.

उंबरठा:
लिनक्सवर बर्ड हा राउटिंग डेमन वापरणाऱ्यांनाही हेच सांगेन. तिथे कर्नल प्रोटोकॉलला ‘एक्सपोर्ट ऑल’ दिलं नाही तर शेजारी जुळतात, राउट बर्डला दिसतात आणि कर्नलपर्यंत एकही पोचत नाही. टनेलवर शेजारी एक्सस्टार्टलाच (जोडणीच्या सुरुवातीच्या पायरीवरच) अडकला तर आधी दोन्ही टोकांचा एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) बघा. एकीकडे १५०० आणि दुसरीकडे १४७६ असेल तर जोडणी जन्मात ‘फुल’ (पूर्ण) होणार नाही.

तारयंत्र:
मी दोघांशीही सहमत नाही. रेडिओ मरतो हा सोपा प्रकार. पावसाळ्यात तो मरत नाही, आजारी पडतो. हॅलोचं पाकीट शंभर बाइटांच्याही आत असतं. दहातलं एक पाकीट गळत असेल, तर सलग चार हॅलो गळण्याची शक्यता दहा हजारांत एक. म्हणजे ओएसपीएफ म्हणणार शेजारी उत्तम, आणि काउंटरवर एक पासबुक छापायला पाच मिनिटं. मला असल्या लिंकांनी जास्त छळलं आहे. जुनाखांब, तुमचा साधा पिंगही इथे फसतो, कारण दहातले नऊ परत येतातच.

घाटवाट:
याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ओएसपीएफ लिंकची तब्येत मोजत नाही. आता असं करायचं ठरवतोय: गळती मोजणारी स्क्रिप्ट राउटला हात लावणार नाही, फक्त रेडिओचं मेट्रिक १० वरून २०० करेल आणि रीलोड देईल. मेट्रिक ज्या-त्या दिशेपुरतं असतं, म्हणून दोन्ही टोकांना.

जुनाखांब:
म्हणजे आता तुमच्याकडे स्क्रिप्टही आली आणि डेमनही. सांभाळायच्या गोष्टी दोन झाल्या. माझा विरोध कायम आहे.

घाटवाट:
झाल्या खऱ्या. पण स्क्रिप्ट बंद पडली तरी चाळीस सेकंदांचा आधार उरतो. तुमच्याकडे स्क्रिप्ट बंद पडली की काहीच उरत नाही. तारयंत्र, तुम्ही किती गळतीवर वाट बदलता?

तारयंत्र:
१४०० बाइटांचे शंभर पिंग, तीनपेक्षा जास्त गळले की टनेल. परत रेडिओवर यायला मात्र लिंक सलग अर्धा तास स्वच्छ असायला हवी. नाहीतर सर ओसरली-आली की वाट दिवसभर इकडून तिकडे उड्या मारत राहते.