बोहारणीचा नंबर आहे का कोणाकडे?

(नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीचा ग्रुप. दिवाळीनंतरचा रविवार, दुपार.)

बी-३०२: नमस्कार. बोहारणीचा नंबर आहे का कोणाकडे? पूर्वी खाली येऊन ओरडायची, आता दिसतच नाही. सासूबाईंच्या जुन्या साड्यांची दोन गाठोडी आहेत. कपाट रिकामं करायचंय.

सी-१०४: वॉचमन तिला गेटच्या आत सोडेल तर ओरडेल ना.

ए-२०४ आजी: थांब गं. सुती आहेत का साड्या?

बी-३०२: बऱ्याचशा सुती आहेत आजी. चार-पाच नऊवारी, बाकी सहावारी. दोन-तीन नायलॉनच्या असाव्यात.

ए-२०४ आजी: धुवून धुवून मऊ झालेली नऊवारी देऊन पातेलं घेणार? त्यापेक्षा गोधडी शिव. थंडी सुरू झालीये.

डी-६०१: आजी, क्विल्ट ऑनलाइन मिळते हो. दोन दिवसांत घरपोच.

ए-२०४ आजी: मिळते ना. आत पॉलिएस्टरचा फुगा. पहाटे पाठ घामाने ओली, आणि पांघरूण सारलं की हुडहुडी. लेकाने आणली होती मागे. आता कुत्रं बसतं त्यावर.

सेक्रेटरी: कृपया ग्रुपचा वापर फक्त सोसायटीच्या कामासाठी करावा. 🙏

सी-२०१: साहेब, सकाळी गुलाबाची फुलं कोणी पाठवली होती?

बी-३०२: आजी, मला शिवणातलं बटण लावण्यापलीकडे काही येत नाही. जमेल का?

ए-२०४ आजी: सूनबाईकडून टाइप करून घेतेय, मेसेज लांबला तर रागवू नका. आधी साड्या धुऊन कडक वाळव. नऊवारीच्या चार घड्या घातल्या की साधारण दोन मीटर लांबीचे चार थर होतात आणि रुंदी पन्ह्याएवढी. एका माणसाला तेवढं पुरतं. दोघांना हवी असेल तर दोन पन्हे जोडावे लागतात. चार थर आपल्या थंडीला कमीच, म्हणून मधे जुनं धोतर नाहीतर विरलेली चादर घाल. पण सहाच्या वर जाऊ नको, सुई बाहेर येत नाही आणि बोटं सोलवटतात. फाटकं ते आत, चांगलं ते वर. जमिनीवर अंथरून चारही बाजूंनी ताणायचं, कोपऱ्यांवर पाट, वरवंटा, जे जड असेल ते ठेवायचं. मग वीतभर अंतराने आडवा-उभा कच्चा दोरा, म्हणजे नंतर उसवायचे लांब टाके. इथेच लोक आळस करतात आणि मग चुण्या पडल्या म्हणून रडतात. कच्चा दोरा झाला की काठापासून धावदोरा, गोल गोल फिरत आत. दोन ओळींमध्ये दोन बोटं. दोरा हातभरच घ्यायचा, लांब घेतला की गुंता झालाच म्हणून समज.

बी-४०३: आजी, काठापासून? मी मशीनवर करते तेव्हा नेहमी मधून बाहेर जाते. नाहीतर सगळा झोळ मधे गोळा होतो.

ए-२०४ आजी: माझी आई काठापासूनच करायची. झोळ नाही कधी आला.

सी-७०३: दोघींचंही बरोबर आहे. मशीनचा पाय वरचं कापड पुढे ढकलत राहतो आणि खालचे दाते खालचं कापड ओढतात, म्हणून थर सरकतात. मधून सुरुवात केली तर सरकलेलं कडेला निघून जातं. हाताच्या टाक्यात कोणी ढकलतच नाही. कर्नाटकात उत्तर कन्नडमधल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे तिकडची गोधडी, शिवतात, त्याही काठापासून आत येतात आणि कोपऱ्यांवर घडीची त्रिकोणी फुलं लावतात. फार देखणं दिसतं.

बी-४०३: दादा, तुम्हाला हे सगळं कसं माहीत?

सी-७०३: मी क्रोशे करतो. त्या नादात बाकीचंही बघितलं जातं.

डी-५०२ काका: म्हणजे तू विणतोस? आणि घरात सगळ्यांना वाटतंय तू दिवसभर मीटिंगमध्ये.

सी-७०३: मीटिंगमध्येच विणतो काका. कॅमेरा बंद, माइक बंद, हात चालू. आत्याने साखळी, खांब, मुका खांब हे टाके शिकवले आणि पुढचं आपोआप आलं. हात गुंतले की मी समोरच्याचं बोलणं नीट ऐकतो, हे मात्र खरं.

ए-१०१: मला पण हवंय सल्ला. मुलीला जानेवारीत बाळ होणार आहे. स्वेटर-टोपी विणायला घ्यावी म्हणते, पण लोकर कुठली? आणि दुकानदार १० नंबरच्या सुया म्हणतो, यूट्यूबवरची बाई पण १० म्हणते, पण तिच्या सुया काठ्यांसारख्या जाड दिसतात.

सी-७०३: काकू, ती अमेरिकन असेल. आपल्याकडच्या नंबरात आकडा वाढला की सुई बारीक होते, १० नंबर म्हणजे ३.२५ मिमी. अमेरिकेत उलटं, तिथला १० म्हणजे ६ मिमी. आकडा सोडा, मिलिमीटर बघा. आणि सुरू करण्याआधी चार-पाच इंचांचा चौकोन विणून टाके मोजा, मग माप ठरवा.

बी-४०३: लोकरीचं म्हणाल तर आपण 'लोकर' म्हणून आणतो ती बहुतेकदा ॲक्रिलिक असते. लेबल वाचा. बाळाचे कपडे रोज धुवावे लागतात, त्याला ॲक्रिलिक सोयीचं. खरी लोकर गरम पाण्यात चोळली की आटते आणि घट्ट गोळा होते. फक्त ॲक्रिलिक शेगडीजवळ नेऊ नका, ते वितळतं.

ए-२०४ आजी: स्वेटर विणा, पण आधी दुपटी शिवा. चार तरी लागतील. आईची किंवा आजीची वापरलेली साडीच घ्यायची, नवं कापड बाळाला टोचतं. सगळे धागे आत दाबून टाका. सुटा धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला तर कळतही नाही आणि बोट सुजतं. विणलेल्या मोज्यांत तर आतून हात घालून बघायचं, रोज.

ए-१०१: हे कोणीच सांगितलं नव्हतं. धन्यवाद आजी.

बी-३०२: नायलॉनच्या आणि सुती वेगळ्या कशा ओळखायच्या? दोन साड्यांवर माझा निर्णय होत नाहीये.

बी-४०३: कडेचा धागा ओढा आणि सिंकवर चिमट्यात धरून काडी लावा. सुती असेल तर कागद जळल्याचा वास आणि हलकी राख. नायलॉन-पॉलिएस्टर असेल तर आक्रसतं आणि टोकाला कडक मणी तयार होतो. मुलांना जवळ घेऊ नका. मण्यावाल्या साड्या गोधडीत नकोत, त्या घसरतात आणि हवा कोंडतात. पिशव्या शिवा त्यांच्या, भाजीला चालतात.

सी-२०१: माझ्याकडे आईची येवल्याची पैठणी आहे. घडीवर विरली आहे. पदर कापून गोधडीच्या मध्यावर लावला तर?

ए-२०४ आजी: नको गं बाई.

बी-४०३: रेशीम आणि जर रोजच्या पांघरुणात टिकणार नाही, आणि गोधडी तर धुवावीच लागते. पदराची फ्रेम करा, बाकी कापडाचा बटवा होईल. दुसरी चांगली पैठणी असेल तर दर काही महिन्यांनी घडी बदला, एकाच रेषेवर मोडत राहिली की तिथेच जाते.

डी-६०१: एक प्रामाणिक प्रश्न. वेळेचा हिशेब केला तर हे परवडतं का?

बी-४०३: तुम्ही पाच दिवसांची टेस्ट मॅच बघता ती परवडते म्हणून बघता का?

सी-१०४: विकेट पडली.

डी-६०१: बरं, हरलो. पण ठिगळाठिगळांचं पांघरूण पाहुण्यांना कसं द्यायचं, तेवढं सांगा.

डी-५०२ काका: अरे, आपल्या नाशकात गाडगेबाबांची धर्मशाळा आहे, त्यांच्या नावाचा पूल आहे. त्या माणसाच्या अंगावर चिंध्यांची गोधडीच असायची. लोक त्यांना चिंधेबुवा म्हणायचे, गोधडेबुवा म्हणायचे. आणि तुला पाहुण्यांची पडली आहे. तुझे पाहुणे कोण, जावईच ना? झोपेल की गपगुमान.

बी-३०२: सासूबाईंना सिन्नरला फोन केला. गोधडी करणार म्हटल्यावर इतक्या खूष झाल्या की अजून आठ साड्या पाठवते म्हणाल्या. माझं कपाट रिकामं व्हायचं होतं.

सी-७०३: मशीन असेल तर पटकन होईल वहिनी.

बी-३०२: आईची जुनी पायमशीन आहे, काळी उषा. चालते का गोधडीवर?

बी-४०३: चालते, दणकट असते ती. १६ नंबरची सुई घाला, टाका मोठा ठेवा, आणि तेल द्या आधी. पण पहिली गोधडी हातानेच करा असं माझं मत. मशीनचा टाका घट्ट बसतो, गोधडी पुठ्ठ्यासारखी कडक होते. हाताचा धावदोरा सैल असतो म्हणून ती अंगाला बिलगते. माझी स्वतःची मशीनवरची आहे, छान दिसते, पण झोपताना मी आईचीच घेते.

ए-२०४ आजी: आणि दोरा सुतीच. नायलॉनचा दणकट दोरा जुन्या कापडाला कापत जातो. दोरा तुटला तर पुन्हा ओवता येतो, साडी फाटली की काय करशील?

सी-१०४: दाभण, सुया, अंगुस्तान वगैरे कुठे मिळेल? ऑनलाइन नको म्हणणार आजी, माहितीये.

ए-२०४ आजी: कापडपेठ, मेन रोडच्या बाजूला बघ. नाहीतर गंगेवर, म्हणजे आपल्या गोदाकाठी, बुधवारच्या बाजारात फिर. दाभण फार जाड घेऊ नको, सहा थरांना मोठ्या डोळ्याची लांब सुई बरी. दाभणाने भोकं पडतात.

सी-२०१: एकत्र बसूया का? दर रविवारी ३ ते ५, क्लब हाऊसमध्ये. एकेकटीने घरी बसलं की दोन ओळी होतात आणि फोन हातात येतो.

ए-१०१: मी येते. खाली बसता येत नाही, गुडघे. मला टेबल लागेल.

सी-७०३: मी पण. लोकर घेऊन.

डी-५०२ काका: मी सुईत दोरा ओवून देईन. परवाच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, नजर कोवळ्या पोरासारखी आहे. चहा मात्र लागेल.

सेक्रेटरी: क्लब हाऊस वापरायचं असेल तर अर्ज द्यावा. भाडे लागणार नाही, पण वीज व सफाईची जबाबदारी संबंधितांची. जमिनीवर टाचण्या-सुया राहता कामा नयेत, सकाळी तिथे योगाचा वर्ग असतो.

बी-४०३: लोहचुंबक आणते. उठण्याआधी सतरंजीवरून फिरवायचा, एक सुई राहत नाही.

सेक्रेटरी: ठीक. आमच्या घरून पण एक सभासद येणार असं कळवायला सांगितलं आहे. तिच्याकडे अर्धवट स्वेटर आहे, माझ्या मापाचा, लग्नाच्या वर्षी सुरू केलेला.

सी-१०४: तो आता तुम्हाला होईल का साहेब?

सेक्रेटरी: सूचना: उद्या सकाळी ७ ते दुपारी १ पाणी येणार नाही. टाकी धुवायची आहे. गच्चीही बंद राहील, कोणीही कपडे वाळत घालू नयेत.

ए-२०४ आजी: ३०२, मग आत्ताच भिजव गं, संध्याकाळपर्यंत निथळतील. रंगीत वेगळ्या बादलीत.