'छान लिहिलंय'ने माणूस लिहिता होतो की बिघडतो?

सुईदोरा (धागाकर्ती)

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गणवेशाच्या एका कारखान्यात मी चेकिंगला आहे. दिवसभर शाळांचे शर्ट आणि फ्रॉक उलटसुलट करून बघायचे, टाका सुटला असेल तिथं लाल बाणाचं स्टिकर लावायचं आणि पीस ऑल्टरच्या ढिगात टाकायचा. रात्री भांडी झाली की लिहायला बसते.

दीड वर्षापूर्वी एका मैत्रिणीनं मला लिहिणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घातलं. साठेक जण आहेत. निम्मे सोलापूरचे, बाकी बार्शी-पंढरपूरकडचे, एक जण थेट दुबईत. तीन महिने मी नुसती वाचत होते. मग एकदा धीर करून पहिली कथा टाकली. आपल्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, त्या पाण्याच्या रात्रीवरची. दोन जावा एकमेकींशी बोलत नाहीत, पण पाइप एकच. कथा टाकली आणि फोन उशीखाली दडपून झोपले.

सकाळी बावीस प्रतिसाद. एकवीस 'छान', अंगठे, गुलाब. बाविसावा एका अनोळखी माणसाचा होता: "मोटर बंद केल्यावर पाइपात उरलेलं पाणी धाकटी थोरलीच्या घागरीत सोडते, तिथं मी थांबलो." त्या दिवशी कारखान्यात मी किती फ्रॉक बघितले देव जाणे.

आता ग्रुपवर ठराव आलाय. 'छान', अंगठा, फुलं सगळं बंद, फक्त दोष सांगायचे. रविवारी मतदान आहे. माझा विरोध आहे. त्या कथेत शुद्धलेखनाच्या अठ्ठावीस चुका होत्या (नंतर मीच मोजल्या). त्या कुणी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर काढल्या असत्या तर वही पेटीत गेली असती, परत निघाली नसती.

आणखी एक. मागल्या पावसाळ्यात पोराला डेंग्यू झाला, तेव्हा ग्रुपातली एक जण दवाखान्यात मऊ भाताचा डबा घेऊन आली. तोवर मी तिचा चेहराही बघितला नव्हता. तिच्या डीपीवर गुलाब आहे. ही माणसं मला 'छान'मधूनच मिळाली. तुम्हाला काय वाटतं?

कडक_भाकरी

ताई, मी ठरावाच्या बाजूचा आहे, आणि दाखला तुमच्याच कारखान्यातला देतो. टाका सुटलेल्या फ्रॉकवर तुम्ही गुलाब चिकटवता का? बाणच लावता. मग कथेलाच फूल कशाला? चेकर ही शिवणारीची मैत्रीण नसते म्हणून तर शाळेत पोराची बाही उसवत नाही.

आणि लिहिणाऱ्याला गोतावळा लागतो हेच मला पटत नाही. मारुती चितमपल्ली आपल्या सोलापुरात जन्मले. २००६ साली इथंच साहित्य संमेलन भरलं, तेव्हा तेच अध्यक्ष. आयुष्य वनखात्याच्या नोकरीत, जंगलात गेलं. तिथं त्यांना कोण अंगठे दाखवत होतं?

गड्डा_रिटर्न्स

कडक भाकरी आमटीत चुरल्याशिवाय खाता येते का बे? टीकेचं तेच. आधी आमटी वाढा. संपलं माझं.

आसरा_चौक

मी त्या 'वा वा'चा मारलेला माणूस आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

माझा ग्रुप वेगळा होता, कवितांचा. छप्पन्न जण. रोज सकाळी एक कविता टाकायची आणि रोज चाळीसेक टाळ्या घ्यायच्या. वर्षभरात मला खरंच वाटायला लागलं की मराठी कविता माझ्यासाठी खोळंबली आहे. एका प्रकाशकानं ४५ हजार घेतले आणि तीनशे प्रती छापून दिल्या. प्रकाशनाला सगळा ग्रुप आला. चादर, श्रीफळ, फोटो, भाषणं. एकानं मला 'सोलापूरचा आवाज' म्हटलं. प्रती खपल्या अकरा, त्यातल्या चार सासुरवाडीनं घेतल्या. तीसेक वाटल्या. राहिलेल्या अडीचशेच्या वर पलंगाखाली आहेत. बायको झाडू मारताना अजून खोक्याला झाडू आपटते. मुद्दाम.

दोन वर्षांनी ग्रुपातल्याच एका जिवलग मित्राला विचारलं, खरं सांग, कसं होतं पुस्तक? तो म्हणाला, "पहिल्या पंधरा कविता काढायला हव्या होत्या, मला तेव्हाच वाटलं होतं." मग बोलला का नाहीस? "तुझा उत्साह बघून."

तो उत्साह मला ४५ हजाराला पडला. माझं मत ठरावाला.

साभार_परत

मी सत्तरी ओलांडलेला निवृत्त शिक्षक. आमच्या काळी गोतावळा टपालातून यायचा. पाकिटात कथा घालायची, आत आपलाच पत्ता लिहिलेलं तिकीट लावलेलं पाकीट ठेवायचं, आणि तेच पाकीट पोस्टमनच्या हातात दिसलं की समजायचं, परत आली. बहुतेक वेळा 'साभार परत'ची छापील चिठ्ठी. 'सत्यकथा'चे संपादक मात्र लेखकांना सविस्तर पत्रं लिहायचे, पुन्हा पुन्हा लिहायला लावायचे, अशी त्या मासिकाची ख्याती होती. १९८२ साली ते बंद पडलं.

१९७४ मध्ये माझी एक कथा दुसऱ्याच एका मासिकाकडून परत आली. चिठ्ठीवर हातानं एक ओळ लिहिली होती: 'शेवट आधी ठरवून मग कथा त्याच्याकडे ओढत नेल्यासारखी वाटते.' इतकं खरं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. ती चिठ्ठी अजून माझ्या कपाटात आहे.

कडक_भाकरी

बघा, एका ओळीत काम झालं! धन्यवाद काका.

साभार_परत

थांबा, पूर्ण वाचा. त्या ओळीनंतर मी नऊ वर्षं काही लिहिलं नाही. घरात नवीन लग्न, शाळेत साठ पोरांचे वर्ग, आणि 'असू दे, परत बघ' म्हणणारं कुणीच नाही. ओळ बरोबर होती. मी एकटा होतो.

चितमपल्लींचं तुम्ही काढलंत म्हणून सांगतो. जंगलात होते म्हणजे एकटे होते असं नव्हे. नवेगावबांधच्या माधवराव पाटलांबद्दल त्यांनी किती जीव लावून लिहिलंय! जंगल जाणणारी माणसं त्यांनी जोडली, म्हणून त्यांच्या मराठीत 'सारंगागार', 'काकागार' असे शब्द आले. बगळ्यांची वीण होते ते सारंगागार, कावळ्यांची ते काकागार. पाखरंसुद्धा घरटी एका झाडावर, शेजार बघून बांधतात म्हणायचं! (हे शेवटचं माझं, त्यांच्या माथी मारू नका.)

सात_रस्ता

काका, मान ठेवून असहमत. सगळे मैत्रीचे गोडवे गाताहेत, तिची दुसरी बाजू कुणी सांगत नाही.

मीही अशाच एका ग्रुपात होते. ज्या ताईंनी ग्रुप काढला त्यांच्या ललित लेखाला मी एकदाच लिहिलं, "पाऊस, मातीचा वास आणि आजी हे तिन्ही मागच्या लेखातही होते." बस. कुणी भांडलं नाही. पण त्यानंतर माझ्या लिखाणाला फक्त दोन निळ्या टिका. जानेवारीत मंगळवेढ्याकडे कुणाच्या तरी शेतात हुरड्याला सगळे गेले, मला स्टेटसवरून कळलं. आगटीभोवती बसून एकमेकांच्या कविता वाचत होते.

सुईदोरा, तुमच्याकडं भाताचा डबा आला, छानच झालं. पण तुम्ही त्या बाईंच्या कथेला कधी 'नाही आवडली' म्हणालात का? म्हणून बघा. मग डबा येतो का बघा.

पूर्वभागकर

घरात तेलुगू, शाळा मराठी, दोस्तांत 'काय करलालास बे'. अशा घरातून येऊन मी मराठीत लिहितो. वडिलांचे यंत्रमाग होते, त्या खडखडाटात अभ्यास झाला.

तेलुगूत निर्जीव वस्तूंना 'तो' आणि 'ती' असा भेद नसतो. त्यामुळं आमची मराठी नेमकी तिथं घसरते. माझ्या पहिल्या लेखात मी लिहिलं होतं, 'माझ्या वडिलांनी विणलेला चादर.' चादरीच्या गावात, चादर विणणाऱ्याच्या पोरानं! ग्रुपात मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. तिथं सगळ्यांनी मागाच्या आवाजाबद्दल लिहिलं, एकानं तर तीनदा वाचला म्हणून सांगितलं. रात्री एका मॅडमचा खासगीत मेसेज आला: "लेख उत्तम. तेवढं चादर 'ती' असते. अजून अकरा जागा आहेत, उद्या दुपारी फोन करू का?" पाऊण तास बोलल्या. बारावी जागा त्यांची चुकली होती, मी बरोबर होतो. त्याचा त्यांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला.

त्यामुळं माझं मत ठरावालाही नाही आणि अंगठ्यालाही नाही. वा चारचौघांत, बाण खासगीत.

कडक_भाकरी

खासगीत बाण म्हणजे बाकीच्यांना शिकायला काय मिळणार? तुमची 'ती चादर' ग्रुपात आली असती तर आणखी दहा जण सुधारले असते.

पूर्वभागकर

आणि अकरावा, म्हणजे मी, ग्रुप सोडून गेलो असतो. तुम्ही घरी मराठी बोलता राव, तुम्हाला 'ती चादर' फुकट मिळालीय.

सुईदोरा

कडक भाकरी, चेकिंगचं तुम्ही काढलंत तर पुढचंही ऐका. बाण लावण्याआधी आम्ही पीस हातात घेतो, उलटा करतो, शिवण ओढून बघतो. आमच्या ग्रुपवर ठरावाच्या बाजूनं जे हिरिरीनं बोलताहेत, त्यातले निम्मे पहिल्या ओळीतला ऱ्हस्व-दीर्घ बघतात आणि तिथंच बाण लावून मोकळे होतात. मुंढा वाकडा बसलाय ते त्यांना दिसतच नाही, कारण पीस उघडलेलाच नसतो. आणि नवी मुलगी मशीनवर बसली की पहिले चार दिवस मी तिच्या शेजारी उभी राहते, तिच्या ढिगावर बाण लावत नाही. पगार पीसवर असतो तिचा. पहिल्या दिवशी तीस ऑल्टर परत गेले तर दुसऱ्या दिवशी ती येत नाही. बघितलंय मी.

सात रस्ता, तुमचा प्रश्न मात्र मला टोचला. नाही म्हटलं मी तिला कधी. तिची एक कथा मला अजिबात आवडली नव्हती आणि मी खाली फूल टाकलं. आज ती जेवायला येणार आहे. बघते.

सात_रस्ता

कळवा.

सुईदोरा

सांगितलं. पोळी ताटात तशीच ठेवून गप्प बसली. मग म्हणाली, "आठ महिने लागले तुला?" शेंगा चटणी डब्यात भरून घेऊन गेली. रागावली का ते कळलं नाही. डबा माझाच आहे, आणून देईल तेव्हा कळेल.

साभार_परत

आसरा चौक, तुमच्या पुस्तकाची एक प्रत मला हवी आहे. पूर्ण किमतीला. मी तुमच्या ग्रुपात नाही, तुमचा मित्रही नाही, त्यामुळं वाचून जे वाटेल ते लिहीन. रोज संध्याकाळी हुतात्मा बागेत असतो.

आसरा_चौक

काका, नको. कशाला.

गड्डा_रिटर्न्स

मलाही एक. निदान वहिनींचा झाडू तरी मोकळा होईल.

आसरा_चौक

खोकं ओढून काढलं. वाळवी नाही, वरच्या दोन प्रतींना पाण्याचा डाग आहे, खालच्या कोऱ्या आहेत. काका, उद्या सहाला येतो. पान १९ पासून वाचा. त्याआधीचं मलाच आता वाचवत नाही.