मदत हवी आहे: लोकसभेच्या उमेदवारांपुढे लहान यंत्रमागधारकांच्या मागण्या कशा मांडाव्यात?

ताणाबाणा:
नमस्कार मंडळी. मी इचलकरंजीचा. आमची लहान यंत्रमागधारकांची संघटना आहे. बहुतेक सभासद खर्चीवाले: सूत व्यापाऱ्याचं, माग आमचे, मजुरी पिकावर (कापडातल्या आडव्या धाग्यांच्या संख्येवर). हातकणंगले मतदारसंघात ७ मे २०२४ ला मतदान आहे आणि सगळ्या उमेदवारांना एक मागणीपत्र द्यायचं ठरलंय. लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

बैठकीत जो तो आपलं गाऱ्हाणं सांगत गेला, मी लिहीत गेलो. वीजदर, सुताचे भाव, जीएसटी, बँकेचं कर्ज, घरफाळा. एकाने तर कारखान्यासमोरची गटारही घातलीय. हे सगळं खासदाराच्या माथी मारण्यात अर्थ नाही एवढं मलाही कळतं. खरी अडचण वेगळीच आहे.

२०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम घातलं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला वा काम करून घेतलं, तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत पैसे चुकते करायचे. मुदत टळली आणि वर्षअखेरीपर्यंतही दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी आयकराच्या हिशेबात धरता येत नाही, पैसे देईल त्या वर्षी धरायचा. २०२३-२४ हे त्याचं पहिलंच वर्ष. आमच्या खर्चीवाल्यांना हे कलम हवंय, कारण मजुरी महिनोन्‌महिने अडकते. पण संघटनेत काही छोटे कापड व्यापारीही आहेत. ते म्हणतात, हे कलम रद्द करायचं आश्वासन घ्या. ही मुदत उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंद) असलेल्यालाच मिळते, म्हणून मार्चअखेरीला काही खरेदीदारांनी सरळ निरोप धाडला: 'उद्यम नोंदणी रद्द करून घ्या, नाहीतर पुढचं सूत नाही.' काहींनी केलीही बिचाऱ्यांनी.

शेवटी मी 'या कलमाबाबत सर्वमान्य तोडगा काढावा' असं गुळमुळीत वाक्य लिहिलं. सगळे खूश, मी सोडून.

तेव्हा जाणकारांनो, अशा भांडणात मागणीपत्रात लिहायचं तरी काय? शिवाय एका उमेदवाराचा माणूस म्हणतोय, हॉल, खुर्च्या, जेवण आमचं, तुम्ही फक्त सभासद आणा. घ्यावं का? पत्रक छापून वाटायचं आहे, त्याला आचारसंहितेची काही आडकाठी? आणि जाता जाता: आठवड्याचा पगार रोखीत होतो. बँकेतून काढलेली रक्कम नाक्यावर पकडली तर काय, म्हणून सगळे धास्तावलेत.

जुना मुनीम:
आधी हॉलचं. अजिबात घेऊ नका. त्या दिवशीचा खर्च उमेदवाराच्या खात्यात जायला हवा (लोकसभेला ९५ लाखांची मर्यादा आहे), तो दाखवला नाही तर तुमच्या सभेचे फोटोच पुरावा ठरतील. उलट तुम्ही स्वतःच्या खर्चाने एखाद्या उमेदवाराचा प्रचार त्याच्या लेखी संमतीविना केलात, तर भारतीय दंड विधानाचं (ते ३० जून २०२४ पर्यंतच लागू) १७१एच कलम आहे. दंड जेमतेम पाचशे रुपये, पण नाव खराब होतं ते वेगळंच. सगळ्यांना एकाच मंचावर बोलवा, परवानगी आधी काढा, चहा संघटनेचा.

पत्रकात एखाद्या उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात काही असेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १२७ए लागतं: मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता छापायचं, आणि प्रकाशकाने दोन ओळखीच्या माणसांच्या साक्षीने सही केलेलं घोषणापत्र छापखान्याला द्यायचं. निव्वळ मागण्या असल्या तरी नाव-पत्ता घालाच. हल्ली छापखानेवालेच त्याशिवाय हात लावत नाहीत.

रोख रकमेचं लोक उगाच पन्नास हजार, पन्नास हजार करत बसतात. रोख नेण्याची ती मर्यादा मुळात उमेदवार, त्याचा प्रतिनिधी किंवा कार्यकर्ता असलेल्या गाडीसाठी आहे. पण नाक्यावरच्या पथकाला तुम्ही कोण हे कपाळावर लिहिलेलं दिसत नाही. पैसे काढल्याची बँकेची पावती, पगाराचं रजिस्टर, उद्यम आणि जीएसटीचे दाखले, पॅन कार्ड बरोबर ठेवा. तरीही जप्त केलीच तर पंचनाम्याची प्रत मागून घ्या. जिल्ह्यात यासाठी तिघा अधिकाऱ्यांची समिती असते, त्यात जिल्हा परिषदेचे सीईओ आणि जिल्हा कोषागार अधिकारी असतात. गुन्हा दाखल नसेल आणि रकमेचा निवडणुकीशी संबंध नसेल तर ती सोडवून देणं हे त्यांचंच काम. कामगाराच्या हाती मात्र रक्कम देऊ नका, त्याला धड उत्तरं देता येत नाहीत आणि मग सगळंच संशयास्पद दिसतं.

मालेगावकर:
दादा, वीजदर काढून टाका यादीतून. यंत्रमागाची वीजसवलत राज्य सरकार देतं, ते पत्र विधानसभेला. घरफाळा नि गटार महापालिकेला.

जीएसटीचंही खासदाराला सांगून फार होत नाही. दर ठरतात जीएसटी परिषदेत. तिथे केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतं. आठवतंय ना, कापडावरचा जीएसटी १ जानेवारी २०२२ पासून ५ चा १२ टक्के होणार होता? सप्टेंबर २०२१ मध्ये ठरलं होतं. व्यापाऱ्यांनी ओरड केली, अनेक राज्यांनी आपापल्या अर्थमंत्र्यांमार्फत विरोध नोंदवला आणि ३१ डिसेंबर २०२१ ला, अगदी आदल्या दिवशी, परिषदेने तो लांबणीवर टाकला. तेव्हा आमच्याकडेही दिल्लीला निवेदनं धाडणारे पुष्कळ होते. मुंबईत कोणाचा दरवाजा ठोठवायचा हे थोड्यांनाच सुचलं.

रविवार पेठ:
मी तुमच्या भांडणातला 'व्हिलन' आहे, म्हणजे कापड व्यापारी. माझी बाजू कोणी विचारत नाही म्हणून सांगतो. खर्चीवाल्याला ४५ दिवसांत पैसे द्यायला माझी ना नाही. पण माझं कापड घेणारा मला तीन-चार महिन्यांनी देतो. आणि मी व्यापारी असल्यामुळे त्याला हे कलम लावता येत नाही. २ जुलै २०२१ ला एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) मंत्रालयाने व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी दिली खरी, पण फायदा फक्त बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता. उशिरा आलेल्या पैशांचं संरक्षण नाही. म्हणजे मला देताना घड्याळ, घेताना कॅलेंडर.

नोंदणी रद्द करा सांगणारे माझ्याच धंद्यातले आहेत, त्याची लाज वाटते. पण ते सगळेच लबाड नाहीत, निम्मे माझ्यासारखे अडकलेले आहेत.

ताणाबाणा:
@रविवार पेठ, हे आमच्या बैठकीत कोणी बोललंच नाही हो. तिथे एकजण 'कलम ठेवा' म्हणाला, दुसरा 'काढा' म्हणाला, आणि मग दोघांची जुनी उधारी निघाली.

जुना मुनीम:
मग मागणी तिथेच आहे. रद्द करा असंही नको आणि तोडगा काढा असंही नको. लिहा: ४३बी(एच) कायम ठेवावं, आणि एमएसएमई कायद्यातलं ४५ दिवसांचं संरक्षण लहान घाऊक व्यापाऱ्यांनाही मिळावं. खर्चीवाला आणि व्यापारी दोघंही सही करतील. मोठा खरेदीदार करणार नाही, पण तो तुमचा सभासद नाहीच.

आणखी एक पुरवणी. ४३बी(एच) मुळे खरेदीदाराचा कर वाढतो, तुमच्या हातात पैसा येतोच असं नाही. पैशासाठी एमएसएमई कायद्याचं कलम १६ आहे: रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रार 'समाधान' या सरकारी पोर्टलवर. पण पुढच्या महिन्याचं सूत ज्याच्याकडून येणार त्याच्याविरुद्ध कोण तक्रार करील? म्हणून संघटनेला सभासदाच्या वतीने, नाव उघड न करता तक्रार करता यावी, अशी मागणी जोडता येते का पाहा. नोंदणी रद्द केलेल्यांना मात्र आजच सांगा, परत करून घ्या. नोंदणी नसली तर ४५ दिवस नाहीत आणि व्याजही नाही.

गुपचूप वाचक:
कशाला एवढा आटापिटा? निवडून आल्यावर फोन तरी उचलतात का?

दिल्लीवारी:
@गुपचूप वाचक, उचलत नाहीत बऱ्याचदा, म्हणून आश्वासन मोजता येईल असं मागायचं. मी काही काळ एका खासदाराच्या कार्यालयात बसत होतो. निवडणुकीत निवेदनांचे गठ्ठे येतात. दोन पानी यादीवर 'पाठपुरावा करू' असा शिक्का. एका पानावर एक मागणी, कलम क्रमांक आणि मंत्रालयाचं नाव असलं की निदान कोणाला पत्र लिहायचं ते कळतं.

'न्याय द्या' म्हणू नका, करता येईल असं काहीतरी विचारा. लोकसभेत लोकांची याचिका मांडता येते, तिच्यावर एका सदस्याची प्रतिस्वाक्षरी लागते आणि ती याचिका समितीकडे जाते. विषय केंद्राच्या अखत्यारीतला हवा, तुमचा आहे. प्रत्येक उमेदवाराला लेखी विचारा: निवडून आलात तर आमच्या याचिकेवर प्रतिस्वाक्षरी कराल का, हो की नाही? शिवाय तारांकित प्रश्न विचारायला सांगा: समाधान पोर्टलवर कोल्हापूर जिल्ह्यातल्या किती तक्रारी पडून आहेत? प्रश्न स्वीकारला गेला तर मंत्र्यांना उत्तर द्यावंच लागतं, आणि ते उत्तर पुढे तुमच्या कामाला येतं. हरणाऱ्यांनाही विचारा. विधानसभा याच वर्षी आहे.

पत्राची पोच घ्यायला विसरू नका. कार्यकर्त्याच्या हाती दिलेलं पत्र गाडीच्या डिकीतच राहतं.

ताणाबाणा:
सगळ्यांचे आभार. गटारीच्या मालकाची समजूत काढावी लागेल, पण काढतो. शुक्रवारी पुन्हा बैठक आहे, व्यापारी सभासदांनाही बोलावतो. @रविवार पेठ, तुमचं म्हणणं तिथे वाचून दाखवलं तर चालेल का? नाव नाही घेत.

रविवार पेठ:
खुशाल वाचा. कॅलेंडरचं वाक्य नको, बाकी सगळं वाचा.

जुना मुनीम:
मसुदा इथे टाका, कलमं तपासून देतो. सभासदांचे उद्यम क्रमांक आणि खरेदीदारांची नावं झाकूनच टाका.