विरंगुळ्याचा रिमोट

सोसायटी ग्रुप (फक्त मालक व रहिवासी)

जोगळेकर ए-४०२: विरंगुळा कक्षातल्या टीव्हीला कुणीतरी पिन टाकून आमचं बातम्यांचं चॅनेल लॉक केलं आहे. आज आम्ही सहा ज्येष्ठ अर्धा तास काळ्या पडद्याकडे बघत बसलो. हे कुणाचं काम आहे ते मला ठाऊक आहे. नाव घेणार नाही.

कदम बी-१०३: घ्या की.

जोगळेकर ए-४०२: मी कुणाचंच नाव घेतलेलं नाही. तुम्हाला का लागलं?

कदम बी-१०३: कारण काल रिमोट माझ्याकडं होता हे वॉचमनपासून सगळ्यांना माहितीये. लॉक मी नाही केलं. पण ज्यानं केलं त्याला माझ्यातर्फे चहा. सात ते नऊ आठ डोकी आठ चौकटींत बसून एकमेकांवर ओरडतात, ह्याला बातम्या म्हणायचं? माझी खिडकी बरोबर वर आहे. नातू जेवताना आईला म्हणतो, "जवाब दीजिए, जवाब दीजिए."

जोगळेकर ए-४०२: आणि तुम्ही मोबाईल जोडून तो यूट्यूबवाला लावता ते? तासभर एकच माणूस बोलतो. वर रोज लाल अक्षरात "सरकार हादरलं". तीन वर्षं हादरतंय. पडलं कुठे?

माने सेक्रेटरी: नमस्कार. ग्रुपवर राजकीय चर्चा नको, हा ठराव २०२० सालीच झालेला आहे. रिमोट ज्यांच्याकडे असेल त्यांनी वॉचमनकडे द्यावा. उद्या टाकी सफाई, ११ ते २ पाणी नाही.

साठे ए-२०१: नम्र सूचना. सम तारखेस जोगळेकर गटाचे चॅनेल, विषम तारखेस कदम गटाचे. प्रत्येकी एक तास. आवाज १५ च्या वर नाही. कृपया विचार व्हावा. कळावे, साठे.

जोगळेकर ए-४०२: "गट" कसला? आम्ही काय पक्ष आहोत?

फडके वहिनी सी-२०२: गट पडला की चिन्हाचा वाद आलाच. जोगळेकर काकांना रिमोट, कदम काकांना सेल 😂

कदम बी-१०३: 😂 वहिनी, निकाल यायला आठ महिने लागतील मग.

कुलकर्णी बी-३०४: सगळ्यांना चालेल असं सह्याद्री लावा ना. आमच्या लहानपणी साडेसातच्या बातम्या घरात सगळे एकत्र बघायचो. शांत आवाज, शुद्ध मराठी.

कदम बी-१०३: दूरदर्शन म्हणजे जे सरकार येईल त्याचं. आणीबाणीत काय दाखवत होते आठवा. आणि डीडी न्यूजचा लोगो २०२४ च्या एप्रिलात केशरी झाला, ऐन निवडणुकीत.

जोगळेकर ए-४०२: केशरी नाही. नारिंगी. त्यांच्या अधिकाऱ्यांनीच सांगितलं होतं.

फडके वहिनी सी-२०२: आपल्या कंपाउंडलाही पेंटरने नारिंगी म्हणून दिलेला रंग आठवतोय ना?

माने सेक्रेटरी: कंपाउंडचा विषय एजीएममध्ये संपला आहे.

तन्मय बी-५०२: काका, मी जाहिरातीच्या धंद्यात आहे म्हणून सांगतो. २०२० मध्ये टीआरपी मोजणाऱ्या बार्क संस्थेचे मीटर देशभरात साधारण ४४ हजार घरांत होते. त्यावरून सगळ्या देशाची टीआरपी ठरायची आणि जाहिरातीचा दर ठरायचा. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी जी केस केली, त्यात आरोप असा होता की काही घरांना महिना ४००-५०० रुपये देऊन ठरावीक चॅनेल चालू ठेवायला सांगितलं जात होतं. कुणी बघितलं नाही तरी चालेल, चालू ठेवा.

फडके वहिनी सी-२०२: आणि आपण विरंगुळ्यात फुकट चालू ठेवतोय! माने साहेब, चौकशी करा, मेंटेनन्स कमी होईल.

जोगळेकर ए-४०२: ती केस राजकीय होती. २०२४ ला सरकारने मागे घेतली, कोर्टाने परवानगी दिली.

कदम बी-१०३: सरकार बदललं म्हणून घेतली.

जोगळेकर ए-४०२: आणि केली होती ती कुठलं सरकार होतं म्हणून?

तन्मय बी-५०२: दोघांचंही ऐकून घ्या, पण गंमत पुढे आहे. त्या प्रकरणानंतर बातम्यांच्या चॅनेलचं रेटिंग "१२ आठवडे" बंद केलं, ते मार्च २०२२ पर्यंत बंदच राहिलं. जवळजवळ दीड वर्ष कुणाला आकडाच कळत नव्हता. ओरडा कमी झाला का? नाही. सवय लागली होती. त्यांनाही, आपल्यालाही.

साठे ए-२०१: नम्र सूचना पुन्हा देत आहे. सम तारखेस जोगळेकर, विषम तारखेस कदम. "गट" शब्द काढला आहे. आवाज १५. कळावे, साठे.

नीना सी-१०१ (एडिसन): इथे अमेरिकेत तर ह्याचं पुढचं टोक आहे. २०२० च्या निवडणुकीनंतर फॉक्स न्यूजवर मतमोजणीची यंत्रं फिरवली असं दाखवलं. यंत्रांच्या कंपनीने दावा लावला. एप्रिल २०२३ मध्ये ७८ कोटी ७५ लाख डॉलरवर मिटवलं. कोर्टात त्यांचे आपापसातले मेसेज बाहेर आले. पडद्यावर जे चालू होतं त्याला अँकर स्वतः खाजगीत वेडेपणा म्हणत होते. खरं सांगितलं तर प्रेक्षक आणखी कडक चॅनेलकडे जातील ही भीती. म्हणजे मालकाला नाही, बघणाऱ्यालाच घाबरत होते! आमच्या शेजारचं जोडपं एका घरात दोन टीव्ही लावतं, तो तळघरात, ती वर.

जोगळेकर ए-४०२: ताई, एडिसनहून ज्ञान दिल्याबद्दल आभार. सी-१०१ चा दोन तिमाहींचा मेंटेनन्स येणे आहे.

नीना सी-१०१ (एडिसन): भाडेकरू भरतात असं मला सांगितलं गेलं होतं. माने काका, पर्सनलवर बोलते.

फडके वहिनी सी-२०२: देवगड हापूस, पाच डझनाची पेटी, गावाहून थेट. शनिवारी गाडी येणार. ज्यांना हवाय त्यांनी अंगठा द्या.

कुलकर्णी बी-३०४: 👍 पिकलेला की कच्चा?

कदम बी-१०३: 👍 दोन पेट्या.

जोगळेकर ए-४०२: 👍 विषय बदलू नका. लॉक कुणी केलं?

सहस्रबुद्धे काकू सी-३०४: मी केलं.

सहस्रबुद्धे काकू सी-३०४: पिन माझ्याकडे आहे. परवा भजनाच्या पेट्या ठेवायला आले होते. तुम्ही पाच-सहा जण कुठल्याशा मुलीचा फोटो पडद्यावर आला की तिचे कपडे, तिचा मित्र, रात्री कुठे होती, सगळं बोलत होतात. अँकर आतून, तुम्ही बाहेरून. मला २०२० चा पावसाळा आठवला.

जोगळेकर ए-४०२: काकू, ते जुनं कशाला काढायचं.

सहस्रबुद्धे काकू सी-३०४: सुशांतसिंह राजपूत गेला तेव्हा तीन महिने ह्या ग्रुपवर त्याच्या मैत्रिणीने काय काय केलं ते तुम्ही रोज पाठवत होतात. चेटकीण म्हणालात. मग "मुंबईत एकट्या राहणाऱ्या मुली अशाच" असं लिहिलंत. माझी ऋजुता तेव्हा गोरेगावला एकटी राहत होती, हे तुम्हाला माहीत होतं. तिच्या बारशाला तुम्ही आला होतात.

(जोगळेकर ए-४०२ यांनी हा मेसेज डिलीट केला)

सहस्रबुद्धे काकू सी-३०४: एम्सच्या डॉक्टरांनी त्याच ऑक्टोबरात खून नाही म्हणून सांगितलं. सीबीआयने मार्च २०२५ मध्ये फाईल बंद करायला दिली, घातपाताचा पुरावा नाही म्हणून. ती मुलगी मधे जवळजवळ महिनाभर तुरुंगात बसून आली. फाईल बंद करायला दिली त्या दिवशी तुम्ही काहीच फॉरवर्ड केलं नाहीत. मी वाट बघत होते.

तन्मय बी-५०२: सुशांतचे म्हणून दाखवलेले ट्विट खोटे निघाले तेव्हा एका चॅनेलला दंड झाला १ लाख. एका ब्रेकमध्ये सुटत असेल.

कदम बी-१०३: काकू शंभर टक्के बरोबर. ह्या चॅनेलवाल्यांनी

सहस्रबुद्धे काकू सी-३०४: कदम, तुम्ही बोलू नका. तेव्हा तुम्हीसुद्धा हसण्याच्या बाहुल्या टाकत होतात. तुमचा पक्ष सरकारात होता म्हणून नंतर थांबलात.

देशमुख सर ए-१०२: मतभेद पुण्याला नवे नाहीत. टिळक-आगरकर १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते. पुढे पाच-सहा वर्षांत असे फाटले की आगरकरांनी केसरी सोडून १८८८ ला सुधारक काढला. लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. पण १८९५ मध्ये आगरकर गेले तेव्हा केसरीतला मृत्युलेख टिळकांनीच लिहिला.

जोगळेकर ए-४०२: सर, म्हणजे आमच्यापैकी कुणी जायची वाट बघायची का?

फडके वहिनी सी-२०२: तुमच्या दोघांचे नेते २ जुलै २०२३ ला एका मांडवात शपथ घेऊन मोकळे झाले. तुम्ही अजून एका बाकावर बसत नाही. कॅरमचा चौथा गडी मिळेना म्हणून आमचे हे घरात माझ्या मागे लागतात.

कदम बी-१०३: आमचे नेते दोन आहेत. मी दुसऱ्यांचा.

फडके वहिनी सी-२०२: घ्या, पुन्हा गट.

माने सेक्रेटरी: ठरावाची प्रत पुन्हा जोडत आहे. ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी.

जोगळेकर ए-४०२: काकू, ते वाक्य मी लिहायला नको होतं. ऋजुताला सांगा.

सहस्रबुद्धे काकू सी-३०४: तीही ह्या ग्रुपवर आहे. तिला तुम्हीच सांगा. पिन उद्या माने साहेबांना देते. आवाज १५.

साठे ए-२०१: १५ हा आकडा माझ्या सूचनेतला आहे. सूचना तिसऱ्यांदा: सम तारखेस जोगळेकर, विषम तारखेस कदम. कळावे, साठे.

माने सेक्रेटरी: साठे काकांची सूचना मंजूर. पुढील महिन्यापासून लागू. टाकी उद्याच.

जोगळेकर ए-४०२: एक मिनिट. ३१ नंतर १ तारीख येते. दोन्ही विषम. म्हणजे सलग दोन दिवस त्यांचा यूट्यूबवाला?

कदम बी-१०३: वर्षातून सात वेळा. मी मोजलंय.

साठे ए-२०१: सुधारित सूचना थोड्या वेळात देतो.