नागपूर दोन-अडीच दिवसांत, आईबाबांसोबत: डिसेंबरात कसं जमवावं?

मुठाकाठची
डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नागपूरला येते आहे. सोबत आई-बाबा, दोघंही सत्तरीच्या पुढचे. बाबांचे गुडघे दुखतात. शनिवार-रविवार पूर्ण, सोमवारी रात्री परतीची गाडी. दीक्षाभूमी नक्की. बाकी काय बघावं, राहावं कुठे, सावजी जेवण त्यांना झेपेल का, आणि पेंचची जंगल सफारी एका दिवसात होईल का?

बर्डीवासी
ताई, आधी तारखा तपासा. डिसेंबरात इथे विधिमंडळाचं अधिवेशन भरते आणि रामदासपेठ, सिव्हिल लाइन्स, बर्डीतल्या (म्हणजे सीताबर्डीतल्या) खोल्या भरून जातात. अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की पहिले खोली पक्की करा. कामकाजाच्या दिवशी मोर्चे टेकडी रोड, मॉरिस कॉलेज टी पॉइंटकडे अडवतात, तेव्हा बर्डीत ऑटो जागचा हलत नाही. तुमच्यासाठी तो दिवस म्हणजे सोमवार.

यावर उपाय मेट्रो. नारंगी मार्गिका खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक, दुसरी लोकमान्य नगर ते प्रजापती नगर. दोन्ही सीताबर्डीला मिळतात. खोली झाशी राणी चौक, शंकर नगर नाहीतर काँग्रेस नगर स्टेशनजवळ घ्या. स्टेशनांवर लिफ्ट आहे, म्हणून बाबांना जिने चढावे लागणार नाहीत. विमानाने येणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: एअरपोर्ट मेट्रो स्टेशन टर्मिनलला लागून नाही, सामान घेऊन पायी जाऊ नका.

दीक्षाभूमीला रहाटे कॉलनी स्टेशनवर उतरा आणि तिथून ऑटो करा. भाडं बसायच्या आधीच ठरवा. स्तूप बाहेरून सांचीसारखा दिसतो, पण सांचीचा भरीव आहे आणि हा आतून पोकळ. घुमटाखाली शांत बसता येते. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली ती हीच जागा, तेव्हा घाई करू नका, तासभर तरी ठेवा. चपला बाहेर काढायच्या आहेत; बाबांना पायमोजे द्या, सकाळी फरशी गार असते.

अजब बंगला, म्हणजे १८६३ मधलं मध्यवर्ती संग्रहालय, सोमवारी बंद. ते शनिवारीच करा. झिरो माइलला, म्हणजे ब्रिटिशकालीन सर्वेक्षणाच्या स्मारकाला, त्याच नावाच्या मेट्रो स्टेशनवरून जाता येते. तिथे घोडे आणि खांब पाहून लोक परत फिरतात. खरी वस्तू म्हणजे बाजूचा ब्रिटिश सर्वेक्षणाचा दगड. त्यावर वेगवेगळ्या गावांची अंतरं मैलांत कोरली आहेत.

संत्रामंडी
खाण्याचं मी सांगतो. तर्री पोहे सकाळीच खा, उशिरा पोहे कोरडे होतात. तर्री म्हणजे काळ्या चण्याचा तिखट रस्सा. आईबाबांसाठी 'वरून तर्री नको, चणे द्या' असं सांगा, चव राहते आणि तिखट अर्ध्यावर येते.

सावजीत खसखस, दगडफूल, भाजलेला मसाला आणि भरपूर तेल असते. पहिल्या घासाला सौम्य वाटते, तिखट नंतर चढते, म्हणून नवीन माणूस रस्सा जास्त ओढतो आणि रात्री पोट बिघडते. दुपारी जेवा, रात्री नको. त्यांच्यासाठी पाटोडी रस्सा (बेसनाच्या वड्या आणि रस्सा) मागवा, रस्सा वेगळ्या वाटीत घ्या, पाटोडी भाकरीशी खा. तेही जड वाटलं तर वडाभात उत्तम. फोडणीचं तेल वरून बेताने घाला.

आता संत्री. संत्र्याचे वर्षात दोन बहार, म्हणजे दोन हंगाम. डिसेंबरात आंबिया बहार मिळतो, आंबटगोड. गोडीला मृग बहार सरस, पण तो फेब्रुवारी-मार्चचा. याच दिवसांत बाहेरचा किन्नूही संत्रं म्हणून विकला जातो. त्याची साल चकचकीत, घट्ट चिकटलेली, आत बिया खूप. आपल्या संत्र्याची साल सैल, सहज सुटणारी. हातात जड लागेल ते घ्या. थोडी हिरवी छटा असली तरी कच्चं समजू नका. नेताना प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, घाम सुटून बुरशी धरते आणि एकाची सगळ्यांना लागते. भोकं असलेलं खोकं, मध्ये कागद, दोनच थर. दबलेलं फळ आधीच खाऊन टाका.

गडावरचा
पेंच सोडा. सिल्लारी गेट जवळपास ७० किलोमीटर, सकाळच्या फेरीसाठी अंधारात निघावं लागते. उघड्या जिप्सीत थंडी आणि कच्च्या रस्त्याचे हादरे, गुडघ्यांना ते सोसणार नाही. शिवाय शनिवार-रविवारचं बुकिंग आधीच भरलेलं असते.

त्याऐवजी रविवारी रामटेक करा, साधारण ५० किलोमीटर. गाडी गडावर राममंदिराच्या बरीच जवळ जाते, तरी थोड्या पायऱ्या राहतात, काठी सोबत असू द्या. प्रसाद आणि चष्मा सांभाळा, माकडं हिसकतात. केवल-नरसिंहाचं मंदिर चुकवू नका, त्यात वाकाटकांचा, म्हणजे विदर्भातल्या प्राचीन राजघराण्याचा, शिलालेख आहे. वाटेत मनसरचं उत्खननही आहे, पण चढ आहे. बाबा गाडीतच बसले तरी चालेल. सकाळी ८ ला निघालात तर दुपारच्या जेवणाला शहरात परत. स्वेटर घ्या, पहाटे चांगलाच गारठा असतो.

मुठाकाठची
मनापासून आभार. पेंच रद्द, रामटेक पक्कं. सोमवारी गाडीपर्यंत सीताबर्डीचा किल्ला होईल का?

बर्डीवासी
नाही होणार. तो लष्कराच्या ताब्यात आहे. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला लोकांसाठी उघडतात. त्याच टेकडीच्या पायथ्याशी, रेल्वे स्टेशनजवळ, टेकडी गणपती आहे. तिथे जा, पण मोर्चे निघायच्या आधी, सकाळी लवकर.