मदत हवी आहे: सी लँग्वेजमध्ये स्ट्रिंगमधे ळ शोधतोय, तर तो रावेरमधेपण सापडतोय!

नमस्कार मंडळी, मी डिप्लोमा सेकंड इयरला, भुसावळचा. सरांनी स्ट्रिंगमधे (म्हणजे अक्षरांच्या साखळीत) कॅरेक्टर शोधायचा प्रोग्राम दिलेला, तो इंग्रजीत एकदम बरोबर चालला, स्ट्रसीएचआर (एक कॅरेक्टर शोधून त्याचा पत्ता देणारं फंक्शन) वापरलं, नल (रिकामा पत्ता) आला तर नाही सापडला, नाहीतर मिळालेल्या पॉइंटरमधून (पत्त्यातून) नाव वजा केलं की जागा मिळते, इथवर ठीक. पण मला हौस, म्हटलं आपल्या जळगाव जिल्ह्याच्या १५ तालुक्यांची नावं मराठीत टाकू आणि ळ कुठेकुठे आहे बघू. (आजी डोळ्याला डोया म्हणते, तिच्या बोलण्यात शोधला तर तसाही नलच येईल.)

तर झालं असं, नाव रावेर, अक्षर मागितलं, स्कॅनएफला (टाइप केलेलं वाचणारं फंक्शन) परसेंट सी (एकच कॅरेक्टर वाच) दिलंय आणि त्याच्या आधी स्पेसपण आहे, म्हणजे आधीचं एंटर अक्षर म्हणून उचललं जायचा लोचा नाही. ळ टाकला तर म्हणतो ० वर सापडला! रावेरमधे ळ!! वर मी काही न टाकता अक्षर विचारणारा लूप अजून दोनदा आपोआप फिरला, एकदा १ आलं, एकदा सापडला नाही. अक्षर ठेवलेला व्हेरिएबल सी परसेंट डी ने (आकडा म्हणून) छापला तर -३२. उबंटूवर जीसीसी कंपायलर आहे. काल रात्री दोन वाजेपर्यंत बसलो, डोकं पिकलं.

प्रतिसाद:
भाऊ, तुझं लॉजिक बरोबर आहे, कॅरच छोटा पडतोय. कॅर (सी मधला कॅरेक्टरचा टाइप) म्हणजे १ बाइट आणि यूटीएफ-८ मधे (अक्षरं बाइटमधे साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. परसेंट सी ने ळ चा पहिला बाइटच उचलला, तो २२४, साइन्ड (उणे आकडेही धरणाऱ्या) कॅरमधे तोच -३२ दिसतो. आणि गंमत म्हणजे देवनागरीतल्या सगळ्याच अक्षरांचा पहिला बाइट २२४ असतो, म्हणून र च्या जागीच मॅच झाला, तू ट टाकला असता तरी ० च आलं असतं. उरलेले दोन बाइट बफरमधे (टाइप केलेलं वाचेपर्यंत थांबतं तिथे) पडून होते, ते पुढच्या दोन फेऱ्यांनी खाल्ले. अक्षर परसेंट एस ने (अख्खी स्ट्रिंग वाचतं) छोट्या अ‍ॅरेत घे (३ बाइट अधिक शेवटचा शून्य, म्हणजे किमान ४) आणि स्ट्रसीएचआर ऐवजी स्ट्रस्ट्र (स्ट्रिंगमधे दुसरी स्ट्रिंग शोधणारं फंक्शन) लाव.

धागाकर्ता:
दादा जमलं!! जळगाव, भुसावळ, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव, पाचच निघाले, रावेर गेलं एकदाचं. पण भुसावळला जागा १५ येतेय, ३ ने भागलं तर ५, मी शून्यापासून मोजतो तर ३ यायला पाहिजे ना?

प्रतिसाद:
उकार आणि काना वेगळे मोजले जातात रे. भ, उकार, स, काना, व, मग ळ. ३ च पाहिजे असेल तर मोजताना मात्रा वगळायचं कंडिशन स्वतः लिहावं लागेल, अनुस्वार, हलन्त आणि हलन्ताला जोडलेलं पुढचं अक्षरपण धर त्यात, नाहीतर मुक्ताईनगरला परत इथेच येशील.