मागच्या सरकारवर खटले भरायचे की नाही: कालच्या चर्चेचा पुढचा भाग (रहिवाशांची चर्चा; नावांच्या जागी घरांचे क्रमांक)

ब-३०२ : काल रात्री विषय अर्धवट राहिला. सत्ता बदलल्यावर नव्या सरकारने मागच्यांच्या गैरव्यवहारांवर खटले भरावेत का? माझं मत स्पष्ट आहे, भरावेत. पण उद्या आपण निवडणूक हरलो आणि आरोपीच पुन्हा खुर्चीवर बसला, तरी टिकेल असाच खटला भरावा. तेवढी तयारी नसेल तर हात घालू नये.

अ-१०४ : काका, हे म्हणायला ठीक आहे. १९७७ साली जनता सरकारने केलं काय आणि झालं काय? १९८० मध्ये लोकांनी इंदिराजींना ३५३ जागा देऊन परत बसवलं. सूडाचं राजकारण लोकांना आवडत नाही, हाच त्याचा अर्थ.

क-५०१ : तो एकच अर्थ नाही, दादा. तारखा बघा. २८ मे १९७७ ला आणीबाणीतल्या गैरप्रकारांच्या चौकशीसाठी निवृत्त सरन्यायाधीश शहा यांचा आयोग नेमला. आयोगाचं काम सुरू असतानाच ३ ऑक्टोबरला सीबीआयने इंदिरा गांधींना अटक केली. दुसऱ्या दिवशी दंडाधिकाऱ्यांनी त्यांना सोडून दिलं, कारण कोठडीत ठेवायला आधारच नव्हता. एका रात्रीत आरोपीची सहानुभूती वाढली आणि सरकारची पत गेली. आयोगाचा शेवटचा अहवाल ऑगस्ट १९७८ चा. विशेष न्यायालयांचा कायदा मे १९७९ मध्ये झाला आणि जुलैत सरकारच पडलं. खटले भरले म्हणून नव्हे, अटक आधी आणि पुरावा नंतर असा क्रम उलटा लावला म्हणून ते फसलं.

क-५०१ : आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. चौकशी आयोगासमोर जे बोललं जातं ते १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याच्या कलम ६ प्रमाणे त्या माणसाविरुद्ध फौजदारी खटल्यात वापरता येत नाही. अपवाद फक्त खोटी साक्ष दिल्याचा. आयोगाचा निष्कर्षही शिफारस असतो, निकाल नव्हे. त्यामुळे आयोगाचे दोन-तीन खंड हातात आले तरी तपास अधिकाऱ्याला कागद आणि साक्षीदार शून्यापासून गोळा करावे लागतात. आयोग नेमला की 'कारवाई सुरू झाली' असं वाटतं, आणि पाच वर्षांतली सगळ्यात मोलाची पहिली दोन वर्षं हातातून जातात.

ड-२०३ : वकीलसाहेबांशी सहमत. हिशेबतपासणीच्या बाजूने भर घालते. कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल आला की टीव्हीवर 'इतक्या कोटींचा घोटाळा' सुरू होतं. तो अहवाल लोकलेखा समितीकडे जातो, त्यावर चर्चा होते, पण कोर्टात नुसत्या अहवालावर शिक्षा होत नाही. कोर्टाला मूळ नस्ती, म्हणजे सरकारी फाइल, लागते. कार्यासन अधिकाऱ्याची टिपणी काय होती, वित्त विभागाने आक्षेप घेतला होता का, तो कोणी आणि कोणत्या तारखेला डावलला, मंत्र्यांनी शेरा स्वतःच्या हाताने लिहिला की खासगी सचिवाने 'मान्य' लिहून फक्त सही घेतली. सगळा खटला त्या एका पानावर उभा असतो.

म्हणून सत्तांतर झालं की पहिल्या आठवड्यात भाषणं नकोत, नस्त्या मोहोरबंद करा. पानांवर क्रमांक घाला, यादी करा, आवक-जावक नोंदवही ताब्यात घ्या. ई-ऑफिसमधल्या नस्तीचं नुसतं प्रिंट काढून ठेवणं पुरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचा पहिला भाग यंत्रणा सांभाळणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि त्यात हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा संगणकी ठसा) नोंदवायचं असतं. हे तेव्हाच केलं नाही तर चार वर्षांनी सर्व्हर बदललेला असतो आणि सही करणारा माणूस निवृत्त झालेला असतो.

अ-१०४ : पण ताई, प्रत्येक चुकीचा निर्णय म्हणजे गुन्हा का? असं केलं तर कुठलाच अधिकारी सही करणार नाही.

ड-२०३ : गुन्हा नाहीच. २०१८ च्या दुरुस्तीने भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातलं जुनं कलम १३(१)(ड) गेलं. पूर्वी सार्वजनिक हित नसताना कुणाला आर्थिक लाभ मिळवून दिला एवढं दाखवलं तरी चालायचं. आता पैसा किंवा लाभ नेमका कुठून कुठे गेला ते दाखवावं लागतं. त्यामुळे महागडी, फसलेली योजना हा मतदाराचा प्रश्न आहे, पोलिसांचा नाही. इथे मला तुमचा मुद्दा पूर्ण मान्य आहे.

क-५०१ : मंजुरीचंही बदललंय. माजी मुख्यमंत्री अंतुले यांच्या प्रकरणात १९८४ ला सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की माणूस त्या पदावरून उतरला की अभियोजन मंजुरी (खटला भरायची सरकारी परवानगी) लागत नाही. २०१८ पासून माजी पदाधिकाऱ्यासाठीही याच कायद्याच्या कलम १९ ची मंजुरी लागते. शिवाय कलम १७अ आहे. पदावर असताना घेतलेल्या निर्णयाची नुसती चौकशी सुरू करायलाही आधी परवानगी हवी. नवं सरकार विरोधकाच्या फाइलला परवानगी लगेच देतं आणि आपल्या पक्षात आलेल्याची फाइल पडून राहते. सूडाची शंका येते ती याच ठिकाणी. दहापैकी ज्या चार फाइलींना मंजुरी नाकारली, त्यांचीही कारणं लेखी जाहीर झाली पाहिजेत.

ब-३०२ : आता तामिळनाडू बघा, माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखं. जयललितांवर बेहिशेबी मालमत्तेचा खटला १९९६ च्या सत्तांतरानंतरचा. २००१ मध्ये त्या परत मुख्यमंत्री झाल्या. त्याच वर्षी ३० जूनला मध्यरात्रीनंतर आधीचे मुख्यमंत्री करुणानिधी यांना उड्डाणपुलांच्या प्रकरणात उचललं. म्हणजे दोन्ही बाजूंनी तेच.

पण मूळ खटल्याचं काय झालं? ७६ साक्षीदारांना उलटतपासणीसाठी परत बोलावलं आणि त्यांतले ६४ आधीच्या साक्षीवरून फिरले. सरकारी वकिलांनी हरकत घेतली नाही, त्यांना फितूरही जाहीर करून घेतलं नाही, कारण ते आता आरोपीच्याच सरकारचे वकील होते. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटला कर्नाटकात हलवला म्हणून तो वाचला. २०१४ ला शिक्षा, २०१५ ला हायकोर्टातून सुटका, आणि फेब्रुवारी २०१७ ला सहआरोपींची शिक्षा पुन्हा कायम झाली तेव्हा त्या हयात नव्हत्या.

क-५०१ : बरोबर. म्हणून सरतपासणी (साक्षीदाराची पहिली साक्ष) आणि उलटतपासणी लागोपाठ व्हायला हवी. मधल्या काळातच साक्षीदार फुटतो. मुख्य साक्षीदारांचे जबाब दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवून घ्यावेत. आणि आरोप पन्नास ठेवू नयेत. अर्जेंटिनात १९८५ ला लष्करी राजवटीच्या नऊ प्रमुखांवर खटला चालला. हजारो माणसं बेपत्ता होती, पण सरकारी वकिलांनी ७०९ प्रकरणं निवडली. एप्रिलमध्ये सुनावणी सुरू झाली, डिसेंबरमध्ये निकाल आला. पाच दोषी ठरले, चार सुटले. चौघे सुटले म्हणूनच त्या निकालाला किंमत आली असं मला वाटतं.

अ-१०४ : पण नंतर तिथेही माफी दिलीच ना?

क-५०१ : दिली. आधी खटले भरायला मुदत घालणारे कायदे आले, मग १९८९-९० मध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफ्या दिल्या. २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायदे रद्द ठरवले आणि खटले परत सुरू झाले. कागद जपून ठेवले होते म्हणूनच ते शक्य झालं.

अ-१०४ : ठीक. मग माझी एक अट. आपल्याकडे आरोपी सत्तेत आला की सरकार खटला मागेच घेतं. त्याचं काय?

क-५०१ : त्याला थोडा लगाम बसलाय. सर्वोच्च न्यायालयाच्या १० ऑगस्ट २०२१ च्या आदेशानुसार आजी-माजी खासदार-आमदारांवरचा खटला उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही. मात्र सरकारी वकील ढिला पडला तर हा आदेश काही करू शकत नाही. वकील सरकारने नाही, उच्च न्यायालयाने नेमावा आणि निकाल लागेपर्यंत बदलू नये, एवढी तरतूद झाली तर मी उद्याच्या कुठल्याही पक्षाच्या खटल्याला पाठिंबा देईन.

अ-१०४ : या अटीवर मीही.